घरच्या कॉम्प्युटरला यूएसबी पोर्ट वाढवताना: जागा, रस्ता आणि वीज

बेळगावात वडगाव-शहापूरच्या गल्ल्यांत, तिकडे खानापुरात, निपाणीत, पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर ठेवून त्यावर घर चालवणारी माणसं खूप आहेत. कुणी मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत लग्नपत्रिका करून देतं, कुणी उतारे, रेशन कार्ड, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतं, कुणी उद्यमबागेतल्या फाउंड्रीचा हिशेब घरून बघतं. अशा एखाद्या टेबलावर काय काय असतं बघा. कीबोर्ड, माउस, प्रिंटर, स्कॅनर, टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन, वेबकॅम आणि बॅकअपची हार्ड डिस्क. वर गिऱ्हाइकानं आणलेला पेनड्राइव्ह. झाली दहा उपकरणं. आणि कॅबिनेटला पोर्ट किती? मागे चार, पुढे दोन.

"सगळी होलं भरलीत की ओ, आता नवीन मशीन कुठं लावू?" हा प्रश्न आमच्या भागात सारखा कानावर येतो. उत्तर म्हणून बहुतेक जण बाजारातून चार तोंडांचा छोटा हब आणतात. थोडे दिवस बरं चालतं. मग बॅकअप चालू असताना डिस्क मध्येच गायब होते, अंगठ्याचं मशीन सापडत नाही असा संदेश येतो, आणि सगळा दोष हबच्या माथी जातो. दुसरा हब येतो, तोही तसाच वागतो.

हब बहुतेक वेळा ठीकच असतो. पोर्ट वाढवायचे म्हटलं की तीन वेगवेगळ्या गोष्टींचा विचार करावा लागतो: प्लग बसवायला जागा, डेटा जायला रस्ता आणि उपकरणाला लागणारी वीज. साधा हब यातली पहिली गोष्ट तेवढी वाढवतो. रस्ता आणि वीज होती तेवढीच राहतात, फक्त जास्त जणांत वाटली जातात. आपल्याकडे नेमकं काय कमी पडतंय हे आधी ओळखलं, तर पैसे योग्य ठिकाणी जातात. कधी कधी तर काहीच विकत घ्यावं लागत नाही.

आत काय चाललेलं असतं

मदरबोर्डवर, म्हणजे कॅबिनेटच्या आतल्या मुख्य पाटीवर, यूएसबी सांभाळणारी एक चिप असते, तिला कंट्रोलर म्हणतात. कॅबिनेटला दिसणारे सगळे पोर्ट या कंट्रोलरकडेच जातात. कुठल्याही उपकरणाला आपल्या मर्जीनं बोलता येत नाही, कंट्रोलर विचारेल तेव्हाच उत्तर द्यायचं. नवं उपकरण लावलं की कंट्रोलर त्याला एक क्रमांक देतो. हा क्रमांक सात बिटांचा असल्यामुळे एकूण १२८ आकडे मिळतात. त्यातला शून्य नुकत्याच जोडलेल्या उपकरणासाठी राखीव असतो, म्हणून उरतात १२७. मध्ये लावलेले हबही या १२७ मध्येच मोजले जातात. एकामागे एक असे जास्तीत जास्त पाच हब जोडता येतात. घरच्या वापराला ही मर्यादा कधी आड येत नाही, त्यामुळे "जास्त उपकरणं लावली की कॉम्प्युटर बिघडतो" ही भीती सोडून द्यावी.

यूएसबीचा पहिला आराखडा जानेवारी १९९६ मध्ये आला. त्याआधी कीबोर्डचं भोक वेगळं, माउसचं वेगळं, प्रिंटरचं लांबलचक वेगळं, अशी परिस्थिती होती. इंटेलमध्ये ज्यांनी हे काम पुढे नेलं त्यांत अजय भट्ट हे बडोद्यात शिकलेले इंजिनिअर आघाडीवर होते. एका पोर्टला हब लावून त्याचे अनेक पोर्ट करायचे ही सोय त्या आराखड्यात पहिल्यापासून आहे. हब लावणं म्हणजे जुगाड नाही. त्याचे नियम पाळायचे, एवढंच.

आता रस्त्याकडे येऊ. सुरुवातीच्या यूएसबीचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट होता आणि माउस-कीबोर्डसाठी दीड मेगाबिट. एप्रिल २००० मध्ये आलेल्या २.० नं तो ४८० मेगाबिटवर नेला. नोव्हेंबर २००८ मध्ये ३.० आलं, वेग ५ गिगाबिट. पुढे ३.० चं नाव बदलून ३.१ जेन १ झालं आणि नंतर ३.२ जेन १. वेग मात्र तोच, ५ गिगाबिट. खोक्यावर ३.२ वाचून ३.० पेक्षा भारी समजू नका. ५, १० की २० गिगाबिट, तो आकडा बघा.

प्रत्यक्षात २.० च्या पोर्टवरून सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइट डेटा जातो (आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट). लग्नाचे १० जीबी फोटो डिस्कवर टाकायला पाच मिनिटांच्या आसपास लागतात. तीच डिस्क ३.० च्या पोर्टला लावली तर दीड मिनिटात काम होतं, कारण तिथे अडवणूक रस्त्याची नसते, डिस्कच्या स्वतःच्या वेगाची असते. पण हबला लावलेली सगळी उपकरणं मिळून वरचा एकच रस्ता वापरतात. घराच्या नळाला चार तोट्या बसवल्या म्हणून राकसकोपच्या जलाशयातून येणारं पाणी वाढत नाही, तसंच हे आहे. एका वेळी एकच उपकरण काम करत असेल तर फरक जाणवत नाही. दोन डिस्क एकदम चालवल्या की जाणवतो.

यात एक बारकावा आहे आणि तो दुकानात सहसा कुणी सांगत नाही. ३.० च्या हबमध्ये खरं तर दोन हब असतात, एक नव्या वेगाचा आणि एक २.० चा. दोघांच्या तारासुद्धा वेगळ्या. जुन्या २.० प्लगला चार संपर्कपट्ट्या असतात, ३.० ला त्यांच्याखेरीज आणखी पाच, अशा एकूण नऊ. तुम्ही ३.० च्या हबला चार जुने वेबकॅम लावलेत तर ते सगळे आतल्या २.० हबवर जातात आणि ४८० मेगाबिटच आपसांत वाटून घेतात. ५ गिगाबिटचा रस्ता शेजारी मोकळा पडून राहतो. म्हणजे जुनी उपकरणं नव्या हबमुळे वेगवान होत नाहीत.

आधी आपलंच कॅबिनेट उघडून बघा

काही विकत घेण्याआधी हे करा. असेंबल केलेल्या कॉम्प्युटरचे पुढचे दोन पोर्ट बंद असणं ही इथली नेहमीची गोष्ट आहे, आणि बऱ्याचदा ते बिघडलेले नसतात. जोडणी करताना त्यांची केबल मदरबोर्डला लावायचीच राहून जाते, किंवा पुढे साफसफाई करताना निघते.

मदरबोर्डच्या खालच्या कडेला पिनांचे छोटे गट दिसतात. त्यातला यूएसबी २.० चा गट दोन ओळींचा, नऊ पिनांचा असतो. दहावी जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते, म्हणजे केबल उलटी बसत नाही. अशा एका गटातून दोन पोर्ट निघतात. ३.० चा गट मोठा, १९ पिनांचा, भोवती प्लास्टिकची भिंत असलेला. त्यातूनही दोनच पोर्ट निघतात. अनेक मदरबोर्डवर असे दोन-तीन गट असतात आणि त्यातला एखादा रिकामा असतो. त्यासाठी मागच्या बाजूला बसवायची पोर्टची पट्टी मिळते. ती फार स्वस्त असते, ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) लागत नाही, आणि तिचे पोर्ट थेट कंट्रोलरचे असल्यामुळे वीजही पूर्ण मिळते. माझ्या मते ज्याच्याकडे रिकामा गट आहे त्यानं दुसरं काही बघूच नये.

मात्र दोन ठिकाणी सांभाळा. जुन्या काही मदरबोर्डवर फायरवायर या दुसऱ्याच प्रकारच्या पोर्टचा गटही नऊ पिनांचाच असतो आणि अगदी तसाच दिसतो. त्यावर १२ व्होल्ट असू शकतात. यूएसबीची पट्टी चुकून तिथे बसली तर पुढे लावलेलं उपकरण जळतं. म्हणून पिनांशेजारी छापलेलं नाव वाचल्याशिवाय केबल लावायची नाही. दुसरं म्हणजे १९ पिनांच्या गटातल्या पिना नाजूक असतात. केबल तिरकी दाबली की पिन वाकते. सरळ धरून, सगळीकडे सारखा जोर देऊन बसवा. आणि कॅबिनेट उघडण्याआधी मागची वायर काढून चालू करायचं बटण एकदा दाबा, आत उरलेला करंट निघून जातो. मग कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून कामाला लागा.

हब: इथे हिशेब विजेचा

यूएसबीच्या पोर्टवर ५ व्होल्ट असतात. २.० च्या पोर्टनं ५०० मिलिअँपिअर द्यायचे आणि ३.० च्या पोर्टनं ९०० मिलिअँपिअर, असा नियम आहे. वॅटमध्ये सांगायचं तर अडीच आणि साडेचार.

आता अॅडाप्टर नसलेला चार पोर्टचा २.० हब घ्या. त्याला वरून मिळणार ५००. नियमाप्रमाणे १०० तो स्वतःसाठी धरतो आणि उरलेले ४०० चार पोर्टांत प्रत्येकी १०० असे वाटतो. वायरवाला माउस, कीबोर्ड, डोंगल, डिजिटल सहीचं टोकन यांना तेवढे पुरतात. प्रिंटरची वीज तर भिंतीतूनच येते, त्याला यूएसबीवर फक्त जागा हवी असते. अशी उपकरणं साध्या हबवर वर्षानुवर्षं मजेत चालतात.

अडचण उरलेल्यांची. वेबकॅम, अंगठ्याचं मशीन आणि यूएसबीवरच चालणारे चपटे स्कॅनर १०० मध्ये भागवत नाहीत, ५०० पर्यंत मागू शकतात. खिशात मावणारी हार्ड डिस्क सगळ्यांत हावरी. तिची चकती फिरायला लागते त्या क्षणी ती एका अँपिअरच्या जवळपास करंट ओढू शकते. स्वस्त हब वाटणीचा नियम पाळत नाहीत, जो ओढेल त्याला देतात. त्यामुळे एकटी डिस्क लावली की चालते, आणि शेजारी दुसरं उपकरण लावलं की व्होल्टेज खाली जातं, डिस्क टिकटिक करते आणि गायब होते. लिहिणं चालू असताना असं झालं तर फाइल खराब होऊ शकते. कुणाच्या तरी लग्नाचे फोटो त्या डिस्कवर असतात, म्हणून हे कळकळीनं सांगतो: बॅकअपची डिस्क अॅडाप्टर नसलेल्या हबला लावू नका. एकदाही नको.

यावर उपाय अॅडाप्टरवाला हब. पण अॅडाप्टर आहे एवढ्यावर समाधान मानू नका, त्याच्यावरचे आकडे वाचा. सात पोर्टच्या हबसोबत ५ व्होल्ट २ अँपिअरचा अॅडाप्टर सर्रास येतो. सात पोर्टांना प्रत्येकी अर्धा अँपिअर द्यायचा तर साडेतीन अँपिअर हवेत. म्हणजे दोन-तीन भुकेली उपकरणं आणि बाकी हलकी, एवढंच त्यावर निभेल. चार पोर्टच्या ३.० हबला पूर्ण हिशेबानं ३.६ अँपिअर लागतात. सगळी उपकरणं एकदम पूर्ण करंट ओढत नाहीत हे खरं, तरी ४ अँपिअरचा अॅडाप्टर असलेला हब दिसला तर थोडे जास्त पैसे देऊन तोच घ्यावा.

सगळ्यांत मोठा धोका इथे आहे. हबचा अॅडाप्टर हरवला की घरातला दुसरा कुठला तरी लावून बघायची आपल्याला सवय असते. इंटरनेटच्या राउटरचा अॅडाप्टर बहुतेक वेळा १२ व्होल्टचा असतो आणि त्याचं गोल टोक पुष्कळदा हबच्या भोकात बरोबर बसतं. ५ व्होल्टच्या हबमध्ये १२ व्होल्ट गेले तर हब जातो, त्याला लावलेली उपकरणं जाऊ शकतात आणि मदरबोर्डलाही इजा पोहोचू शकते. काही हब १२ व्होल्टवरच चालणारे असतात, पण तसं हबवर छापलेलं असतं. व्होल्ट जुळले, टोकाची अधिक-उणे खूण जुळली आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त असले, तरच अॅडाप्टर लावायचा.

हेस्कॉमची, म्हणजे इथल्या वीज कंपनीची लाइन जाते तेव्हाचाही विचार करून ठेवा. कॉम्प्युटर यूपीएसवर असतो आणि हबचा अॅडाप्टर भिंतीतल्या साध्या सॉकेटमध्ये. लाइट गेली की कॉम्प्युटर चालू राहतो, पण हबचा बाहेरचा करंट तुटतो आणि त्यावरची डिस्क भर कामात निघते. यूपीएस असून बॅकअप बिघडतो तो असा. हबचा अॅडाप्टर यूपीएसच्याच सॉकेटला लावला की हा प्रश्न मिटतो, त्याचा भार अगदी किरकोळ असतो.

जुन्या घरांत अर्थिंग नसतं किंवा कधीचं तुटलेलं असतं. अशा घरात कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) आतल्या फिल्टरमुळे अर्थिंग नसलेल्या कॅबिनेटवर मुख्य लाइनच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज चढलेलं असतं, करंट मात्र अगदी थोडा. कॉम्प्युटर एका खोलीतल्या बोर्डावर, प्रिंटर दुसऱ्या खोलीतल्या बोर्डावर आणि मध्ये यूएसबीची केबल, अशी मांडणी असली की हा गळका करंट केबलमधून वाट काढतो आणि पोर्ट निकामी करू शकतो. कॉम्प्युटर, प्रिंटर, हब सगळं एकाच बोर्डावर घ्या आणि त्या बोर्डाला इलेक्ट्रिशियनकडून चांगलं अर्थिंग करून घ्या. पोर्ट वाढवण्यापेक्षा हे काम आधीचं आहे असं मी म्हणेन.

हब घेताना आणखी एक तपासा. निळं प्लास्टिक म्हणजे ३.० असा समज आहे. रंगाची सक्ती कुठेच नाही, आणि स्वस्त मालात निळ्या प्लास्टिकच्या आत चारच पट्ट्या असतात. पोर्टमध्ये मोबाइलचा उजेड टाकून बघा. पुढच्या चार रुंद पट्ट्यांमागे आणखी पाच बारीक पट्ट्या दिसल्या पाहिजेत. काही हबांत एकच पोर्ट ३.० चा असतो आणि बाकीचे २.० चे. कॉम्प्युटर बंद केल्यावरही कॅबिनेटचा दिवा मिणमिणत राहिला किंवा पंखा हलत राहिला, तर हब अॅडाप्टरचा करंट उलटा कॉम्प्युटरमध्ये ढकलतोय. असा हब दुकानात परत करावा.

आत बसवायचं कार्ड

रस्ताच कमी पडतोय, किंवा कॉम्प्युटर जुना असून त्याला ३.० चा पोर्टच नाही, अशा वेळी हब कामाचा नाही. तिथे कार्ड लागतं. मदरबोर्डवर पीसीआय एक्स्प्रेसचे स्लॉट असतात. त्यातला सगळ्यांत आखूड, जेमतेम इंचभराचा स्लॉट, ज्याला मेकॅनिक बाय-वन म्हणतात, तो या कार्डाचा. आखूड स्लॉट रिकामा नसेल तर तेच कार्ड लांब स्लॉटमध्येही चालतं. कार्डावर त्याचा स्वतःचा कंट्रोलर असतो, म्हणून इथे जागेबरोबर रस्ताही नवा मिळतो.

त्या रस्त्यालाही मर्यादा आहे. स्वस्त चार पोर्टची कार्डं पीसीआय एक्स्प्रेसच्या दुसऱ्या पिढीची एकच मार्गिका वापरतात. तिच्यातून सेकंदाला ५०० मेगाबाइट जातात, म्हणजे साधारण ३.० च्या एका पोर्टला पुरेल इतकंच. चारही पोर्टांवर एकदम पूर्ण वेग मिळणार नाही. साध्या हार्ड डिस्क शंभर-सव्वाशे मेगाबाइटच्या पुढे जात नाहीत, त्यामुळे अशा तीन-चार डिस्क चालवणाऱ्या फोटो स्टुडिओलाही हे कार्ड पुरतं. वेगवान एसएसडी (फिरती चकती नसलेल्या डिस्क) असतील तर तिसऱ्या पिढीचं कार्ड बघावं.

कार्डाची वीजही बघायची. चांगल्या कार्डावर एसएमपीएसची वायर लावायला जागा असते. ती वायर लावा, नाहीतर डिस्क लावल्यावर पुन्हा तीच टिकटिक ऐकू येईल. इथे आपल्याकडे वारंवार येणारी अडचण सांगतो. कंपन्यांतून निघालेले बारीक, आडवे डेस्कटॉप जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात आणि घरोघरी तेच दिसतात. त्यांना नेहमीच्या उंचीचं कार्ड बसत नाही, अर्ध्या उंचीची पट्टी लागते. शिवाय त्यांच्या एसएमपीएसला जादा वायर बहुतेक वेळा नसतेच. अशा मशीनला स्लॉटमधूनच वीज घेणारं दोन पोर्टचं कार्ड आणि बाहेर अॅडाप्टरवाला हब, ही जोडी जास्त भरवशाची. मशीन घरी ठेवून तोंडी वर्णनावर कार्ड आणू नका. मागच्या बाजूचा आणि आतला फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा.

विंडोज ८ पासून पुढे ३.० चा ड्रायव्हर आतच असतो, लिनक्समध्येही असतो. विंडोज ७ वर अजून काम चालू असेल तर कार्डाच्या चिपप्रमाणे ड्रायव्हर टाकावा लागतो. म्हणून खोक्यावर रेनेसास, एएसमीडिया किंवा व्हीआयए असं चिपचं नाव दिसतंय का ते बघावं. चिपचं नावच नसलेलं कार्ड जुन्या विंडोजसाठी नको. कीबोर्ड मात्र मदरबोर्डच्याच पोर्टवर ठेवा. अनेक मशीनांत विंडोज सुरू होण्याआधी कार्डाचे पोर्ट जागे नसतात, आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) शिरायची वेळ आली की कीबोर्ड दाद देत नाही.

लॅपटॉपला कार्ड बसत नाही. तिथे हबच, किंवा टाइप-सी पोर्ट असेल तर टाइप-सीचा हब. चार्जर त्याच हबमधून लावायचा असेल तर हब किती वॅट पुढे जाऊ देतो ते चार्जरशी जुळवून घ्यावं.

कुठलं उपकरण कुठे

पोर्ट वाढवून झाल्यावर उपकरणं वाट्टेल तशी लावली तर अर्धा फायदा जातो. बॅकअपची डिस्क मागच्या बाजूच्या ३.० पोर्टला, थेट, मध्ये काही नको. अंगठ्याचं मशीनही थेट, कारण गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना ते अडणं परवडत नाही. पुढचे पोर्ट पेनड्राइव्हसाठी मोकळे ठेवावेत.

वायरलेस माउसचं बोटाएवढं रिसीव्हर ३.० च्या पोर्टशेजारी लावलं की माउस अडखळतो. ३.० च्या वायरी काम करताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात आणि माउसही त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलनं २०१२ मध्ये यावर मोजमापांसह टिपण काढलं होतं. माउसचे सेल बदलण्याआधी रिसीव्हर २.० च्या पोर्टला, किंवा हातभर एक्स्टेन्शन केबल लावून डिस्कपासून दूर ठेवून बघा. वाय-फायचं डोंगलही याच दुखण्यानं मंद होतं.

ऑनलाइन शिकवणी घेणारे शिक्षक एक कॅमेरा चेहऱ्यावर आणि दुसरा वहीवर लावतात. ६४० बाय ४८० चं चित्र, सेकंदाला ३० वेळा, कॉम्प्रेस न करता पाठवायचं तर जवळजवळ १४७ मेगाबिट लागतात. २.० च्या रस्त्यावर अशा वेळेला बांधलेल्या कामासाठी जास्तीत जास्त ८० टक्के जागा राखता येते, म्हणजे ३८४ मेगाबिट. कागदावर दोन कॅमेरे बसतात, तिसरा बसत नाही. काही कॅमेरे गरजेपेक्षा जास्त जागा अडवून ठेवतात, तेव्हा दुसराही सुरू होत नाही. एक कॅमेरा हबवरून काढून कॅबिनेटच्या दुसऱ्या पोर्टला लावून बघा. तरीही जमलं नाही तर एकाचं चित्र लहान करा.

प्रिंटर आतल्या खोलीत ठेवायचा असेल तर २.० ची केबल ५ मीटरच्या आत असू द्या. त्यापुढे मध्ये हब लागतो. ३.० च्या डिस्कची केबल जितकी आखूड तितकी बरी, तीन मीटरच्या पुढे नकोच.

खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला आणि खाली कारवारच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हवेत इतकी ओल असते की पोर्टच्या पट्ट्यांवर काळपट थर चढतो. मग उपकरण हलवलं की लागतं, सोडलं की जातं. कॉम्प्युटर पूर्ण बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हलक्या हातानं पुसावं आणि वाळू द्यावं. वापरात नसलेल्या पोर्टांना रबरी झाकणं मिळतात. त्या भागात ती घ्यावीतच.

एवढं करूनही उपकरण मध्येच नाहीसं होत असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूत जाऊन डिव्हायसेस बाय कनेक्शन निवडा. कुठलं उपकरण कुठल्या हबखाली आहे याची उतरंड दिसते. एकाच हबखाली सगळी गर्दी आणि दुसरा रिकामा, असं चित्र दिसलं तर अदलाबदल करा. अंगठ्याचं मशीन थोडा वेळ रिकामं राहिल्यावरच झोपत असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. लिनक्सवाल्यांना lsusb -t या आदेशात हीच उतरंड मिळते. पोर्टवर जास्त करंट ओढला गेल्याचा इशारा पडद्यावर आला तर तो बंद करून पुढे जाऊ नका. उपकरण काढा आणि त्याची केबल बदलून बघा.

वर सांगितलेल्या दहा उपकरणांच्या टेबलाचं मी काय करेन? मदरबोर्डवर २.० चा एक गट रिकामा असेल तर पट्टी बसवून दोन पोर्ट काढेन, एकूण झाले आठ. मग ५ व्होल्ट ४ अँपिअरचा, चार पोर्टचा एक हब. त्याला एक जागा द्यावी लागते, म्हणून कॅबिनेटवर सात आणि हबवर चार, मिळून अकरा. हबवर डोंगल, सहीचं टोकन, माउस आणि वेबकॅम. कीबोर्ड, प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन आणि डिस्क थेट कॅबिनेटला. पुढचे दोन पेनड्राइव्हला मोकळे. मागे ३.० चा पोर्ट असेल तर कार्डाची गरज नाही. नसेल, आणि डिस्कवर रोज मोठा बॅकअप जात असेल, तर दोन पोर्टचं कार्ड डिस्कसाठी.

हब घ्यायला जाताना आपली स्वतःची पोर्टेबल डिस्क आणि एक वेबकॅम सोबत न्या. दुकानदाराला त्याच्या कॉम्प्युटरवर दोन्ही एकदम लावून, कॅमेरा चालू ठेवून, दोन-तीन जीबीची एक फाइल डिस्कवर टाकून दाखवायला सांगा.